जेथे जीवाश्म, तेथेच संग्रहालय : रैयोलीचा धडा

गुजरात राज्याच्या महिसागर जिल्ह्यात, बालासिनोर या पूर्वीच्या संस्थानी राजधानीपासून थोड्याच अंतरावर रैयोली नावाचे खेडे वसलेले आहे. या गावाच्या माळरानावर दिसणारे धोंडे एरवी कोणाचेही लक्ष वेधून घेणार नाहीत. परंतु त्यांतील कित्येक धोंड्यांत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी याच भूमीवर वावरणाऱ्या डायनोसॉर प्राण्यांची हाडे आणि अंडी दडलेली आहेत. या माळाला लागूनच गुजरात शासनाने डायनोसॉर संग्रहालय उभारले असून जून २०१९ मध्ये ते जनतेसाठी खुले करण्यात आले. २०२२ मध्ये त्याचा दुसरा टप्पाही पूर्ण झाला.

संग्रहालये बहुधा मोठ्या शहरांत असतात. येथे मात्र जीवाश्म शहरात न नेता संग्रहालयच जीवाश्मांच्या जागी आणण्यात आले. या निर्णयामागील शास्त्रीय कारण समजून घेणे महाराष्ट्राच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे; कारण ज्या खडकांनी रैयोलीला हा वारसा दिला, तेच खडक विदर्भातही आढळतात.

लामेटा खडकांची साक्ष

जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी लामेटा घाट आहे. तेथील खडकांवरून या प्रकारच्या खडकांना लामेटा हे नाव मिळाले. गुजरातपासून मध्य प्रदेश आणि विदर्भापर्यंत हे खडक तुटक पट्ट्यांनी पसरलेले आहेत. क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरीस नद्यांच्या पुराने आणि तळ्यांच्या काठी साचलेला गाळ, वाळू व चुनखडीयुक्त माती यांपासून ते बनले. त्या काळी भारताचा भूखंड आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्करपासून अलग होऊन तो उत्तरेकडे सरकत होता. पुढे प्रचंड ज्वालामुखींच्या उद्रेकांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो याच लाव्ह्याचा होय. लामेटा खडक अनेक ठिकाणी या कातळाखाली झाकले गेले आणि जेथे वरचे थर झिजून गेले, तेथे ते पुन्हा उघडे पडले.

मेलेल्या प्राण्याचे शरीर सामान्यतः कुजून नाहीसे होते. परंतु पुराच्या गाळाखाली ते लवकर गाडले गेले, तर हाडांना हवा लागत नाही. पाण्यात विरघळलेली खनिजे हळूहळू हाडांच्या सूक्ष्म पोकळ्यांत साठतात आणि हाडाचा आकार कायम राहून त्याचा दगड होतो. अंड्यांचे कवच मुळातच चुनखडीच्या द्रव्याचे असल्याने चुनखडीयुक्त मातीत ते विशेष चांगले टिकते. खेडा परिसरात आणि नर्मदा खोऱ्यात अंडी इतक्या मोठ्या संख्येने का सापडतात, याचा उलगडा यावरून होतो.

शोधाची कहाणी

रैयोलीच्या परिसरातील जीवाश्मांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले ते १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्या वेळी हे गाव खेडा जिल्ह्यात होते. महिसागर हा स्वतंत्र जिल्हा २०१३ मध्ये अस्तित्वात आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे भूवैज्ञानिक डॉ. धनंजय मोहबे यांनी या भागातील अंड्यांचा अभ्यास केला, तर त्याच विभागाचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात रैयोली येथे उत्खनन करून मोठ्या संख्येने हाडे गोळा केली.

हाडे उचलण्यापूर्वी कोणते हाड कोठे व कसे पडले होते, याचा तपशीलवार नकाशा श्रीवास्तव यांनी तयार केला होता, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय होय. जवळजवळ वीस वर्षांनंतर भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी ही हाडे पुन्हा तपासली, तेव्हा या नकाशाचा मोठा उपयोग झाला. विखुरलेल्या हाडांपैकी कोणती हाडे एकाच प्राण्याची असावीत, हे त्यावरून ठरविता आले. कवटीचा मागील भाग, मणके, कमरेची हाडे आणि मागच्या पायाची हाडे यांची सांगड घालून एका नव्या मांसाहारी डायनोसॉरची ओळख पटली. २००३ मध्ये त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव देण्यात आले. त्याच्या कपाळावर एक आखूड, बोथट शिंग होते. मादागास्करमध्ये सापडलेल्या मजुंगासॉरसशी त्याचे जवळचे नाते दिसते आणि भारत व मादागास्कर यांच्या जुन्या भूसंबंधाला त्यामुळे पुष्टी मिळते. २०१० मध्ये याच गावातून मिळालेल्या हाडांवरून आणखी एका मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या ‘राहिओलीसॉरस गुजरातेन्सिस’ या नावात रैयोली गावाचेच नाव गुंफलेले आहे.

अंडी, सर्प आणि पिल्लू

जीवाश्म ज्या स्थितीत सापडतो, त्या स्थितीलाही हाडाइतकेच मोल असते. या परिसरातील धोळी डुंगरी गावातून मिळालेल्या एका दगडाने हे उत्तम रीतीने दाखवून दिले आहे. डॉ. मोहबे यांनी १९८७ मध्ये या दगडाचे वर्णन केले, तेव्हा त्यांना त्यात डायनोसॉरची अंडी आणि नुकत्याच जन्मलेल्या पिलाची हाडे दिसली होती. २००१ मध्ये अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला असता त्यांतील काही मणके सर्पाचे आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढील अभ्यासानंतर २०१० मध्ये या सर्पाला ‘सनाजेह इंडिकस’ असे नाव देण्यात आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा सर्प फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला होता आणि शेजारी सुमारे अर्धा मीटर लांबीचे पिल्लू होते. घरट्यातील पिल्ले खाण्यास आलेला सर्प व त्याचे भक्ष्य दोघेही अचानक गाळाखाली गाडले गेले असावेत, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला.

हा दगड फोडून अंडी वेगळी आणि हाडे वेगळी करण्यात आली असती, तर काही सुटे मणके आणि अंड्यांची टरफले एवढेच हाती उरले असते. प्राचीन जीवनातील हा प्रसंग कायमचा पुसला गेला असता. वस्तू वाचूनही ज्ञान नष्ट होते ते असे.

संग्रहालय गावातच का?

भारतातील डायनोसॉर संशोधनाच्या प्रारंभापासूनच या प्रश्नाचे महत्त्व जाणवते. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना जबलपूरजवळ काही अश्मीभूत हाडे सापडली. ती पुढे कलकत्त्यास गेली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतातील हा पहिला नामांकित डायनोसॉर होय. परंतु पुढे त्याचे मूळ मणके दृष्टिआड झाले आणि दीर्घ काळ ते हरवले असे मानले गेले. अखेर २०१२ मध्ये कोलकाता येथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या संग्रहातूनच त्यांतील एक मणका पुन्हा ओळखला गेला. मूळ जागेपासून दूर गेलेल्या वस्तूची नोंद किती सहज विस्मृतीत जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुर्मीळ हाडे अभ्यासासाठी प्रयोगशाळेत न्यावीच लागतात, यात शंका नाही. मात्र खडकाचे थर, घरट्यांची मांडणी आणि अजून न उकललेले अवशेष जागचे हलविता येत नाहीत. त्यांचे रक्षण जागेवरच करावे लागते आणि ते करणारा सर्वांत जवळचा माणूस म्हणजे तेथील ग्रामस्थ. जीवाश्मांविषयी माहिती नसल्यास तोही ती वस्तू दगड म्हणूनच वापरणार. बालासिनोरच्या पूर्वीच्या संस्थानिक घराण्यातील आलिया सुलताना बाबी या रैयोलीच्या संवर्धनासाठी अनेक वर्षे झटत आल्या आहेत. परिसरातील एका घरात मसाला वाटण्यासाठी वापरला जाणारा गोल दगड प्रत्यक्षात डायनोसॉरचे अंडे निघाल्याचा अनुभव त्यांनी सांगितला आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात तर अशा गोल दगडांची कुलदैवत म्हणून पूजा होत असल्याचे २०२३ मध्ये प्रकाशात आले. यात ग्रामस्थांना दोष देण्याचे कारण नाही. अभ्यासकांनी जे जाणले, ते गावापर्यंत पोहोचले नव्हते, इतकाच त्याचा अर्थ.

रैयोलीच्या संग्रहालयाने हे अंतर कमी केले आहे. त्यातील दालनांत पृथ्वीच्या इतिहासाचे टप्पे, भारतातील जीवाश्मस्थळे, अंडी व हाडांचे नमुने आणि डायनोसॉरच्या पूर्णाकृती प्रतिकृती मांडण्यात आल्या आहेत. शेजारच्या जीवाश्म उद्यानात जाऊन खडकात रुतलेले अवशेष प्रत्यक्ष पाहता येतात. प्रतिकृती पाहिल्यावर मूळ हाड पाहणे आणि मूळ हाड पाहिल्यावर त्याचा खडक पाहणे, हा शिक्षणाचा क्रम शहरातील दालनात साधणे कठीण आहे. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांमुळे वाटाड्या, वाहनचालक व लहान दुकानदार यांच्या रोजगारालाही वाव मिळतो. साहजिकच दगड जागेवर राहण्यात गावाचे हित आहे, ही जाणीव रुजण्यास मदत होते.

तथापि केवळ इमारत उभी राहिल्याने काम संपत नाही. उघड्यावरचे जीवाश्म ऊन, पाऊस आणि पायदळी येण्याने झिजतात. प्रवासी वाढले की आठवण म्हणून खडा खिशात टाकणारेही वाढतात. म्हणून उत्खननस्थळाचे संरक्षण आधी आणि दालनांची सजावट नंतर, हाच क्रम योग्य होय.

महाराष्ट्रातील वारसा

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा हे गाव जगभरातील पुराजीवशास्त्रज्ञांना परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात नागपूर येथे राहणारे स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांनी येथील जीवाश्म गोळा केले होते. पिसदुऱ्याला डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठाही मिळते. तिच्यातील वनस्पतींच्या सूक्ष्म सिलिकाकणांचा अभ्यास भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून डायनोसॉर गवत खात होते आणि भाताच्या कुळाशी नाते सांगणारी तृणे त्या काळीही होती, असे दिसून आले. गवताचा प्रसार डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा, हा पूर्वीचा समज त्यामुळे बदलला. शेतातल्या सामान्य खड्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूने घडविलेला हा बदल आहे.

याच जिल्ह्यातील डोंगरगाव येथे एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरचे अवशेष मिळाले. १९९७ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि २००३ मध्ये त्याला ‘इसीसॉरस’ हे नाव मिळाले. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हे नाव घेतलेले आहे. याच संस्थेने प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील त्याहून कितीतरी प्राचीन खडकांतून ‘बारापासॉरस टागोरेई’ या डायनोसॉरची हाडे काढली. उत्खननाच्या काळात, १९६१ मध्ये, रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी होती, त्यावरून हे नामकरण झाले. त्याचा जोडलेला सांगाडा कोलकात्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान उभारण्यात आले असून रैयोलीच्या मार्गाने टाकलेले ते एक पाऊल मानता येईल.

ग्रामपंचायत आणि शाळा

प्रत्येक गावी संग्रहालय उभारणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु जीवाश्मांच्या पट्ट्यातील प्रत्येक गावाला काही गोष्टी विशेष खर्चाशिवाय करता येतील. विहीर, शेततळे किंवा रस्ता खोदताना हाडासारखा अथवा गोल अंड्यासारखा दगड आढळल्यास तो उपटू नये, फोडू नये, धुऊ नये. जागा न बदलता शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक नोंदवावा आणि ग्रामपंचायत व महसूल कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नागपूर येथील कार्यालयास कळवावे. तज्ज्ञ येईपर्यंत त्या जागेवरचे काम थांबवून बाजूने तात्पुरते कुंपण घालावे. ग्रामसभेत या विषयाची माहिती दिल्यास दगड विकत घेण्यासाठी फिरणाऱ्यांनाही आळा बसेल.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. भूगोलाच्या तासाला गावच्याच नाल्याच्या काठी दिसणारे खडकांचे थर दाखविले, तर पुस्तकातील कालखंड मुलांना डोळ्यांनी पाहता येतील. जीवाश्माचे चित्र शाळेच्या भिंतीवर आणि मूळ जीवाश्म त्याच्या जागी, हा नियम मुलांनी शिकला की तो घराघरांत पोहोचतो.

डायनोसॉर नष्ट झाले ते मानवाच्या उदयापूर्वी. त्यांच्या नाशाशी मानवाचा संबंध नाही. खडकांनी साडेसहा कोटी वर्षे सांभाळलेली त्यांची शेवटची खूण मात्र एका पहारीच्या घावाने नाहीशी होऊ शकते. ती टिकविण्याची पहिली जबाबदारी ज्या गावाच्या शिवारात ती आहे त्या गावाची, आणि त्या गावाला जाणते करण्याची जबाबदारी शासन, शिक्षक व अभ्यासक या सर्वांची आहे.