रेझिनचे ओतकाम : वजन की माप?
पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात ओतकाम नवे नाही. पण इपॉक्सी रेझिनची तऱ्हा धातूहून निराळी. ट्रे, कीचेन, घड्याळांचा जोडधंदा करू पाहणाऱ्या बंधूभगिनींना आम्ही आधी विचारतो, डब्यावरचे २:१ हे प्रमाण वजनाचे की मापाचे? रेझिन जड, हार्डनर हलके. १०० मिली रेझिन ११५ ग्रॅम आणि ५० मिली हार्डनर ४७.५ ग्रॅम भरत असेल, तर मापाचे प्रमाण काट्यावर तोलणारा १० ग्रॅम हार्डनर जादा घालतो. वस्तू चिकट राहते. माल गेला, पैसाही गेला.

फायबरग्लासच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट थोडे कमीजास्त चालते. ती सवय येथे नको. इपॉक्सीचे दोन्ही भाग ठरावीक हिशेबानेच एकमेकांना जोडले जातात, उरलेले हार्डनर तसेच राहते.

तळ व कडा खरवडत तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे. मग कोऱ्या पेल्यात ओतून पुन्हा ढवळावे. मे महिन्यात काम पहाटेच उरकावे. भंडाऱ्याच्या उकाड्यात पेलाभर मिश्रण जागीच तापून धूर सोडते. आणि हातमोजे हवेतच! हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही.