बॅटमॅनची पहिली कथा

कांहीं ग्रंथांची कीर्ति त्यांच्या गुणांच्या पुढें चार पावलें धांवत असते. अमेरिकेंतील 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ह्या चित्रकथामासिकाचा 27 वा अंक त्यांपैकींच एक होय. मे 1939 च्या ह्या अंकांत बॅटमॅन, म्हणजे वटवाघुळाचा वेष घेऊन गुन्हेगारांवर झडप घालणारा वीर, प्रथम अवतरला. दहा सेंटांस मिळणाऱ्या त्या अंकाची एक प्रत 2010 सालीं दहा लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस लिलावांत विकली गेली! घरोघरचीं मुलें ह्या वीरास ओळखतात. तेव्हां त्याची पहिली कथा वडील मंडळींनींहि एकदां डोळ्यांखालून घालावी, ह्या हेतूनें आम्हीं ती वाचावयास घेतली. स्पष्टच सांगावयाचें तर आमची निराशा झाली.

कथा अवघी सहा पानांची. पोलीस कमिशनर गॉर्डन ह्यांच्या घरीं ब्रूस वेन नांवाचा एक श्रीमंत, निरुद्योगी तरुण बसला असतां लँबर्ट नामक रसायनांच्या कारखानदाराचा खून झाल्याची वर्दी येते. सुरीवर ठसे त्याच्या मुलाचे. परंतु बापाच्या अंगांतून आपण ती उपसली म्हणून ते उमटले, असें तो सांगतो. लँबर्टचे भागीदार तीन: क्रेन, रॉजर्स आणि स्ट्रायकर. लवकरच क्रेनहि गोळीस बळी पडतो, व मारेकरी त्याच्याजवळचा एक कागद घेऊन पळूं लागतात. बॅटमॅन त्यांस छपरावर गांठून तो कागद हिसकावून घेतो.

येथवर सर्व ठीक चाललें आहे. परंतु पुढें काय होतें पाहा. बॅटमॅन कागद वाचतो, त्याच्या ओठांवर कठोर हास्य उमटतें, आणि तो मोटारींत बसून निघून जातो. (मोटारहि साधीच, तांबड्या रंगाची, पुढें प्रसिद्धीस आलेली ती चमत्कारिक गाडी अद्याप जन्मावयाची होती.) कागदांत काय होतें, हें वाचकांस कोणी सांगतच नाहीं! आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. जे धागे गुप्तहेराच्या हातीं, तेच वाचकाच्या हातीं द्यावयाचे आणि तरीहि शेवटीं त्यास चकित करावयाचें, ही रहस्यकथालेखकानें वाचकाशीं केलेली बोलीच असते. घरांत एकानें मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं 'हाच खुनी, तोच खुनी' म्हणून पैजा माराव्या, हा आनंद त्या बोलीवरच उभा असतो. येथें हुकमाचा एक्का लेखकानें अस्तनींत दडवून ठेविला आहे.

बरें, खुनी ओळखावयास बुद्धि तरी लागते काय? दोघे भागीदार मेले. तिसरा, रॉजर्स, स्ट्रायकरच्या प्रयोगशाळेंत जातो, तों तेथील मदतनीस त्यास कांचेच्या घुमटाखालीं कोंडून विषारी वायु सोडूं लागतो. मग राहिला कोण? हें त्रैराशिक नव्हे, साधी वजाबाकी आहे. रॉजर्सला सोडविल्यावर बॅटमॅन एका दमांत उलगडा करतो: दरसाल ठराविक रक्कम देऊन कारखाना आपल्या एकट्याचा करण्याचा स्ट्रायकरनें भागीदारांशीं गुप्त करार केला होता, आणि ती रक्कम बुडविण्यासाठीं त्यानें हे खून करविले. लगेच एका ठोशासरशी स्ट्रायकर तेजाबाच्या टांकींत पडतो, व अशांस हाच शेवट योग्य, असा शेरा आमचे वीर मारतात. न्यायालय नाहीं, पंच नाहींत! बॅटमॅननें कोणाचा जीव घ्यावयाचा नाहीं, असा दंडक संपादकांस पुढें लौकरच घालावा लागला, ह्याचें नवल वाटत नाहीं.

शिवाय कथानकहि उसनें. 'शॅडो' ह्या वीराच्या मासिकांत नोव्हेंबर 1936 मध्यें आलेल्या थिओडोर टिन्सलेच्या कादंबरीवर तें बेतलेलें आहे. लेखक बिल फिंगर. पण अंकावर नांव केवळ चित्रकार बॉब केन ह्याचें. फिंगर 1974 सालीं वारला; जनकत्वाचा वांटा त्याच्या नांवें अधिकृतपणें मांडला जाऊं लागला तो 2015 सालीं. कथेंतल्या अन्यायाहून हा अन्याय आम्हांस अधिक बोचतो.

तरीहि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शेवटीं गॉर्डनसाहेब वेनला सारी हकीकत ऐकवितात, तो कंटाळल्यासारखा ऐकून घरीं जातो. त्याच्या खोलीचें दार हळूच उघडतें आणि बाहेर येतो तो बॅटमॅन. एवढ्या एका चौकटीसाठीं पुढचा अंक हवा म्हणून कोणा मुलानें आईकडे दहा सेंटांचा हट्ट धरला असेल, तर त्यास आम्ही बोल लावणार नाहीं.