यंत्र आणि आज्ञा यांचा एकच नमुना

विहिरीवरच्या मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला आपण पाहिला असेल. रात्री वीज आली की तो मोटार चालू करतो, आणि तीनपैकी एक फेज गेला की बंद करतो. फेज जाताच मोटार तोडणे हे काम नुसत्या तारा आणि रिले यांच्याकडूनही होते. पण ‘वीज आल्यावर थोडा वेळ थांब’, ‘मालकाच्या मोबाईलवर निरोप धाड’ ही कामे आज्ञावलीकडे, म्हणजे प्रोग्रॅमकडे, सोपवणे सोयीचे. तारांचे काम झटपट होते, पण एकदा केले की बदलणे कठीण. आज्ञावली त्या मानाने सावकाश चालते, पण पुसून पुन्हा लिहिता येते.

ऑटोवाल्याला चिप बाजारात तयार मिळते. चिप करणाऱ्याला मात्र कोणते काम कोणाकडे द्यायचे हे ती घडवण्याआधीच ठरवावे लागते. आणि चुकले तर? १९९४ साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराचा दोष सापडला. आतल्या एका कोष्टकातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या, एवढेच! पण त्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले.

पूर्वीपासूनची रीत अशी, की मंडलाची माणसे आपला आराखडा व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांत लिहीत, आणि आज्ञावलीची माणसे सी भाषेत. चिप हाती येईपर्यंत या दुसऱ्या मंडळींचे पुष्कळसे काम अडून राही. दोन्ही बाजू एकाच भाषेत मांडाव्यात, म्हणून १९९९ साली ‘सिस्टिमसी’ पुढे आली. ही काही अगदी नवी भाषा नव्हे. सी-प्लस-प्लस या भाषेवर रचलेला तो तयार साधनांचा संच आहे. २००५ मध्ये आयईईई या संस्थेने १६६६ या क्रमांकाने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

यात खरी गोम वेगळीच आहे. प्रोग्रॅम एकामागून एक ओळ चालवतो. मंडलात मात्र सगळे भाग एकाच वेळी चालतात. हे कसे जमवायचे? शिक्षकबंधूंनी वर्गात करून पाहावे. रामच्या पाटीवर ३, गोविंदच्या पाटीवर ५. ‘शेजाऱ्याचा आकडा आपल्या पाटीवर लिहा’ असे सांगितले, की राम ३ पुसून ५ लिहितो. मग गोविंद पाहतो, तर तिथे ५च! ३ गेला तो गेलाच. आता असे सांगा: शेजाऱ्याच्या पाटीची पुढची बाजू पाहा, आपले उत्तर मागच्या बाजूला लिहा, आणि टाळी वाजली की सगळ्यांनी पाट्या उलटा. आकड्यांची अदलाबदल बिनचूक होते.

सिस्टिमसी नेमके हेच करते. प्रत्येक भाग जुन्या किमती वाचून आपले काम उरकतो, नव्या किमती बाजूला राहतात, आणि मग त्या सगळ्या एकदम लागू होतात. त्यामुळे एखाद्या भागाला पुन्हा काम निघाले, तर आणखी एक फेरी. या फेरीला ‘डेल्टा’ म्हणतात. गंमत म्हणजे डेल्टा कितीही झाल्या, तरी नमुन्यातले घड्याळ तसूभरही सरकत नाही. काम संपले की ते थेट पुढच्या घटनेच्या वेळेवर उडी घेते.

पण तारन् तार अशी मांडली, तर नमुना फार मंद चालतो. म्हणून घाऊक हिशेबही ठेवता येतो. भागाभागांतली एक अख्खी देवघेव म्हणजे एकच नोंद. त्यासाठीचा टीएलएम २.० हा प्रमाण नियमसंच २००८ साली आला. अशा नमुन्यावर चिप जन्माला येण्याआधीच तिची सगळी कार्यप्रणाली चालवून पाहता येते. मात्र घाऊक हिशेबात वेळेचा बारकावा सुटतो. दोन भागांनी एकाच क्षणी एकच वाट मागितली तर खोळंबा किती होईल, हे पाहायचे असेल, तर पुन्हा बारीक नमुन्याकडेच यावे लागते.

माझ्या मते भाषेपेक्षाही महत्त्वाचे एक कोष्टक आहे. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला म्हणजे यंत्राने काय करायचे, याचे. नमुना चालवायचा म्हटला की दोन्ही बाजूंच्या माणसांना ते आधी एकत्र बसून लिहावे लागते. पुढे खरी चिप हाती आली, म्हणजे नमुन्यावर घेतलेल्या चाचण्या तिच्यावरही घेतात आणि उत्तरे ताडून पाहतात.