आधी काम सांगा, मग कॉम्प्युटर

मी डोंबिवलीत घरबसल्या पुस्तकांची मांडणी करते. नवा डेस्कटॉप घ्यायचा होता. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी कॉम्प्युटरची खटपट करणारी मंडळी जमतात. त्यांना विचारलं, ‘कोणत्या कंपनीचा घेऊ?’ त्यावर माझीच उलटतपासणी सुरू झाली. रोज काय करता? एका वेळी किती फाइली उघड्या असतात? गेम, व्हिडिओ?

त्या प्रश्नांतच निम्मी खरेदी ठरली. काम पानांचं, त्यामुळे महागडं ग्राफिक्स कार्ड बाद. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागतं. वाचलेले पैसे ३२ जीबी रॅम आणि चांगल्या एसएसडीत घातले.

मग जुळणी. प्रोसेसर ज्या सॉकेटचा, मदरबोर्डही त्याच सॉकेटचा लागतो. एएमडीचा २०२२ साली आलेला एएम५ सॉकेट घेतला की रॅम डीडीआर५च हवी. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. कॅबिनेटचं सोपं. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मापामुळे कंपनी वेगळी असली तरी स्क्रूची भोकं जुळतात. ‘एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागात, काटकसर नको, ताई,’ रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, ‘आणि घरातलं अर्थिंग आधी तपासून घ्या.’

खरेदीसाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जाताना आणखी एक ताकीद मिळाली: बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी ज्याची त्याची वेगळी.

जोडणी मीच केली. बाकीच्यांनी हात मागे ठेवले. आधी पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून तो नुसता अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. रॅम मात्र ‘टक्’ होईपर्यंत दाबायची. बोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या सहसा दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटमध्ये. बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळाच. मी बटणाकडे हात नेताच काका म्हणाले, ‘थांबा.’ डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिचा ताळमेळ बसवतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. लागलीच.

‘पैसे किती वाचले?’ असं सगळे विचारतात. फारसे नाही. तयार कॉम्प्युटरला एकच वॉरंटी असते, इथे बिघाड कुठल्या भागात आहे ते आपणच शोधायचं. पण आता मला ते शोधता येतं. एसएमपीएस गेला तर तेवढाच बदलेन. त्यासाठी अख्खा डबा दुकानात ठेवून प्रकाशकाला तारीख पुढे ढकलायला सांगावं लागणार नाही.