नवं पिल्लू घरात शू करतं, तेव्हा ओरडून उपयोग का होत नाही?

पिल्लू फरशीवर शू करतं ते हट्टाने नव्हे. दोन महिन्यांच्या पिल्लाचा मूत्राशयावर पुरेसा ताबा नसतो. जागेपणी ते जेमतेम दोन-तीन तास थांबू शकतं. म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावं. तिथे शू केली की त्याच क्षणी शाबासकी आणि छोटासा खाऊ द्यावा.

लसीकरण पूर्ण व्हायला साधारण १६ आठवड्यांचं वय होतं. त्याआधी रस्त्यावर सोडल्यास पार्व्होसारख्या जीवघेण्या आजाराचा धोका असतो. तोवर बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये वर्तमानपत्र अंथरून जागा ठरवता येते.

मागाहून ओरडलं किंवा मारलं, तर शिक्षा कशाची हे पिल्लाला कळत नाही. करतानाच रागावलं, तर माणसासमोर शू करणं धोक्याचं, एवढंच ते शिकतं. मग ते सोफ्यामागे लपून शू करतं आणि बाहेर नेल्यावर मात्र थांबून राहतं.

फरशी एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावी. वास उरला की पिल्लू पुन्हा तिथेच जातं. सवय लागल्यानंतरही अचानक वारंवार शू होऊ लागली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकांना दाखवावं.