मेडिकलमधलं पातळ अँटिबायोटिक जंतूंवर किती चालतं?

आंजी (मोठी)त पोर तापलं की आपण मेडिकलमधून अँटिबायोटिकची बाटली आणतो. तिच्यात दम आहे का, हे प्रयोगशाळेत कसं पाहतात? काचेच्या बशीत म्युलर-हिंटन अगार, म्हणजे जंतूंचं जेलीसारखं खाद्य, ओततात. त्यावर जंतू पसरवून, बारीक खड्डे पाडून औषध सोडतात. 35 ते 37 अंशांवर रात्रभर ठेवलं की सकाळी खड्ड्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. जंतू तोच, औषधाचं माप तेच, तरी ताज्या बाटलीपेक्षा वर्तुळ लहान आलं, तर औषध कमजोर झालंय.

खरी गोम आपल्या घरातच आहे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटच्या पावडरीत पाणी मिसळलं की बाटली फ्रिजमध्ये ठेवून साधारण 7 दिवसांत संपवावी लागते. यातलं क्लॅव्हुलॅनेट उष्णतेत लवकर मोडतं, आणि वर्ध्याचा उन्हाळा तर 45 अंशांवर जातो! मागच्या खेपेची उरलेली बाटली अम्मीनं कितीही जपून ठेवली असो, पुन्हा पाजू नका. व्हायरल तापात तर अँटिबायोटिक चालतच नाही.

आजारी माणसाच्या जंतूवर कोणतं औषध लागू पडेल, ते लघवी किंवा पुवाच्या कल्चर तपासणीत कळतं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात ती होते. फक्त नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायला हवा.