नव्याने बांधलेल्या इंजिनात तेलाचा दाब जास्त का दिसतो?

आंब्याच्या हंगामात जीप, पिकअप किंवा टेम्पो बंद पडला तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. गाडी थांबली तरी पेटीतला हापूस पिकायचा थांबत नाही. म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बरेच बागायतदार माल वाशीच्या बाजारात किंवा फोंडाघाटाने कोल्हापूरला जाऊ लागण्यापूर्वीच जुने इंजिन उतरवून नव्याने बांधून घेतात. अशी गाडी घरी आली की पहिली शंका येते ती ऑईलच्या मीटरची. पूर्वी ३० पौंडांवर राहणारा काटा आता ६० ते ७० पौंडांवर जातो. कोणी सांगतो, 'काम उत्तम झाले.' कोणी सांगतो, 'आता सील फुटणार.' मीटरचा अर्थ समजून न घेता यांपैकी कोणाचेही ऐकणे धोक्याचे आहे.

दाब म्हणजे तेलाचे प्रमाण नव्हे

ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यांना हा मुद्दा चटकन कळेल. पंप चालू असताना ड्रिपर चोंदले तर मुख्य नळीवरील मीटरचा काटा वर जातो, पण झाडाला पाणी मात्र कमी मिळते. दाब वाढला म्हणजे पाणी वाढले असे होत नाही. पाण्याला होणारा अडथळा वाढला, एवढाच त्याचा अर्थ असतो.

इंजिनातही तसेच आहे. ऑईल पंप प्रत्येक फेऱ्याला ठराविक तेल पुढे ढकलतो. ते फिल्टरमधून मुख्य नळीत आणि तेथून क्रँकची मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, कॅमशाफ्ट व हेडवरील रॉकरकडे जाते. शाफ्ट व बेअरिंग यांमधील बारीक फटीतून तेल बाहेर पडून पुन्हा चेंबरमध्ये येते. या फटीतून बाहेर पडताना तेलाला जो विरोध होतो, तोच मीटरवर दाब म्हणून दिसतो. गॅरेजमध्ये ज्याला 'पौंड' म्हणतात तो दर चौरस इंचावरील दाब होय. १४ पौंड म्हणजे सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर.

दाब वाढण्याची दोन साधी कारणे

पहिले कारण म्हणजे फट कमी झालेली असते. साधारण ५० मि.मी. व्यासाच्या शाफ्टला ०.०५ मि.मी.च्या आसपास फट असते. ही फट झिजून दुप्पट झाली तर इतर गोष्टी सारख्या असताना तिच्यातून सुमारे आठपट तेल निसटते. म्हणूनच झिजलेल्या इंजिनाचा दाब घसरतो आणि क्रँक घासून नवी बेअरिंग टाकल्यावर तो वर येतो. ही वाढ अपेक्षितच आहे.

दुसरे कारण म्हणजे थंड तेल. १५डब्ल्यू-४० प्रतीचे तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते, त्याच्या सुमारे सातवा हिस्साच ते १०० अंशाला असते. त्यामुळे सकाळी गाडी चालू करताच काटा ७० पौंडांवर गेला तर घाबरू नये. पाण्याचा मीटर वर आला म्हणजे तेल तापले असेही समजू नये. तेल पाण्यापेक्षा उशिरा तापते. ओरोसहून कुडाळला किंवा कणकवलीला जाऊन येण्याइतके अंतर गाडी चालवावी आणि मगच दाब वाचावा.

मर्यादा ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह

इंजिनाचे फेरे वाढले की पंप जास्त तेल ढकलतो. दाब बेसुमार वाढू नये म्हणून पंपावर किंवा ब्लॉकमध्ये स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या दाबाला तो उघडतो व जादा तेल परत सोडतो. हा दाब किती, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

निदानाची किल्ली येथेच आहे. व्हॉल्व्ह ठीक असेल तर बेअरिंग कितीही घट्ट असली तरी तापलेल्या इंजिनाचा दाब ठरलेल्या मर्यादेच्या फार वर जाऊ शकत नाही. तो गेला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा मीटरमध्ये असतो. याउलट, काटा मर्यादेत आहे पण तापल्यावर मंद फेऱ्यांवरही खाली येत नाही, तर तेल फार दाट आहे, फट फार कमी आहे किंवा तेलाचा मार्ग कोठेतरी अडला आहे असे समजावे.

सर्वसाधारण ठोकताळा असा : तापलेल्या इंजिनात दर १००० फेऱ्यांना निदान १० पौंड दाब हवा. रस्त्यावरील वेगात ४० ते ६० पौंड हा बऱ्याच इंजिनांत समाधानकारक असतो. मात्र अंतिम आकडा माहितीपुस्तिकेचाच मानावा.

तपासणीचा क्रम

खर्च कमी असलेली तपासणी आधी करावी.

१. मीटर : इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली असता काटा शून्यावर असावा. तो वरच राहिला तर सेंडर, वायर किंवा मीटर सदोष आहे. गॅरेजमधील नळीचा मीटर सेंडरच्या जागी लावून खरा दाब पाहावा. ज्या गाडीला फक्त लाल दिवा आहे, तिने जादा दाबाची सूचना मिळत नाही. दिवा केवळ दाब फार कमी झाल्याचे सांगतो.

२. तेल : कोणत्या प्रतीचे तेल भरले आहे ते मेकॅनिकला विचारावे. 'नवे इंजिन, म्हणून जाड तेल' ही समजूत चुकीची आहे. कमी फटीत दाट तेल सावकाश जाते. ते फिल्टरमधून नीट न गेल्यास फिल्टरचा बायपास उघडतो व न गाळलेले तेल थेट बेअरिंगकडे जाते.

३. रिलीफ व्हॉल्व्ह : बोअर व ग्राइंडिंगनंतर राहिलेला लोखंडी कीस अडकून व्हॉल्व्ह बसून राहू शकतो. तो काढून रॉकेलने धुवावा. हाताने सहज सरकला पाहिजे. जुन्या इंजिनाचा दाब वाढवण्यासाठी कोणी स्प्रिंगखाली वॉशर टाकला असेल तर तो काढावा. स्प्रिंग मूळ मापाची असावी.

४. तेलाचे मार्ग : चुकीचे किंवा उलट बसवलेले गॅस्केट तेलाचे छिद्र झाकते. बेअरिंगचे छिद्र ब्लॉकच्या छिद्रासमोर न आल्यासही तसेच होते. अशा वेळी काटा उत्तम दाब दाखवतो आणि एखादे बेअरिंग कोरडे जळते! टॅपेट कव्हर काढून मंद फेऱ्यांवर रॉकरपर्यंत तेल पोहोचते का ते पाहावे.

५. बेअरिंगची फट : इंजिन बांधताना, पिस्टन बसवण्यापूर्वी, मेन बेअरिंगचे बोल्ट योग्य ताकदीने आवळल्यावर क्रँक हाताने फिरला पाहिजे. क्रँक ०.२५ किंवा ०.५० मि.मी. घासला असेल तर नेमक्या त्याच मापाची बेअरिंग लागतात. ही तपासणी शक्यतो स्वतः उभे राहून पाहावी. इंजिन बंद झाल्यावर ती पाहता येत नाही.

गाडी ताबडतोब केव्हा थांबवावी?

फिल्टरचा डबा फुगला, फिल्टरच्या रबरातून किंवा सीलमधून तेल उडू लागले, किंवा तापल्यावरही काटा मर्यादेच्या वरच अडकून राहिला तर गाडी पुढे नेऊ नये. जादा दाबाने पंप फिरवणाऱ्या गियरवरही ताण येतो. चांगला दाब दिसत असतानाच खालून ठोके ऐकू आले, तर तेल अडले आहे असे समजून इंजिन लगेच बंद करावे.

पुढील गोष्टी करू नयेत

दाब उतरवण्यासाठी स्प्रिंग कापू नये. तेलात डिझेल किंवा रॉकेल मिसळू नये. कारण न शोधता फार पातळ तेल भरू नये. या तिन्ही उपायांनी काटा खाली येईल, पण तेल जेथे पोहोचत नाही तेथे ते पोहोचणार नाही.

प्रथम चालू करताना नवा फिल्टर शक्य असेल तेथे तेलाने भरून बसवावा व डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडे थोडे फिरवून दाब आल्यावरच इंजिन चालू करावे. पहिले तेल व फिल्टर ५०० ते १००० किलोमीटरच्या आत बदलावेत, कारण आतला कीस त्याच वेळी बाहेर येतो. थंड इंजिन, तापलेले मंद इंजिन व रस्त्यावरील वेग या तीन वेळचा दाब वहीत लिहून ठेवावा. पुढे काटा बदलला की नेमके काय बदलले ते या नोंदीवरून कळेल. गाडी ताब्यात घेताना हे तीन आकडे मेकॅनिकसमोर पाहावेत आणि मगच तिच्यावर आंब्याच्या पेट्या चढवाव्यात.